स्टीलमधला श्लेष

स्पेसएक्सचं 'स्टारशिप' हे अंतराळयान वाचायला घ्यावं ते त्याच्या अंगापासून. रंग नाही, लेप नाही. टेक्सासच्या समुद्रकाठी, बोका चिकाला, ९ मीटर व्यासाची चकचकीत स्टीलची कडी एकावर एक वेल्ड करून ते उभं राहतं. आधीचा बेत कार्बन फायबरचा होता: हलकं, देखणं, आधुनिक. २०१८च्या अखेरीस स्पेसएक्सने तो मोडला आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जातीचं स्टेनलेस स्टील घेतलं. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी तेव्हा सांगितलेला भाव असा: कार्बन फायबर किलोला १३५ डॉलर, त्यातलं ३५ टक्के कापाकापीत वाया, स्टील ३ डॉलर.

पण स्वस्ताईपाशीच थांबलं तर या निवडीतली गंमत हुकते. द्रव ऑक्सिजनच्या उणे १८३ अंशांना साधं पोलाद ठिसूळ होतं. हे स्टील उलट अधिक बळकट होतं. परतताना यान भाजून निघतं, तेव्हा कार्बन फायबरमधलं रेझिन दोनशे अंशांच्या आसपासच हात टेकतं, स्टील मात्र आठशेपर्यंत तग धरतं. म्हणून झळ थेट लागते त्या पोटाच्या बाजूलाच उष्णतारोधक फरशा, पाठ उघडी. धातू जड, पण त्याच्यामुळे कवचाचं ओझं उतरलं. एकाच शब्दात थंडी आणि आग असे दोन्ही अर्थ साधणारा हा श्लेष आहे, आणि तोही ३ डॉलरात!

फरशाही पाहाव्यात. नासाच्या जुन्या स्पेस शटलच्या जवळपास प्रत्येक फरशीचा आकार वेगळा, जागा ठरलेली. ते यान पुन्हा उडे, पण दोन उड्डाणांमधल्या डागडुजीत महिने जात. स्वस्त ते कधी झालंच नाही. इथल्या बहुतेक फरशा एकसारख्या षटकोनी, म्हणजे तापलेल्या वायूला सरळ धावायला फटही मिळत नाही.

मला सर्वांत आवडतं ते मात्र जे गाळलंय ते. स्टारशिपला वर ढकलणाऱ्या ७१ मीटर उंचीच्या 'सुपर हेवी' बूस्टरला उतरण्यासाठी पायच नाहीत. पाय म्हणजे दर खेपेला उगाच वर न्यायचं वजन. ते काम जमिनीवरच्या मनोऱ्याला दिलं. १३ ऑक्टोबर २०२४ला, उड्डाणानंतर सुमारे सात मिनिटांनी, त्या मनोऱ्याच्या दोन हातांनी परतणारा बूस्टर अधांतरी झेलला. चित्रफितीत तो शेवटी तिरका होऊन हळूच आत सरकतो. एवढं अवजड धूड इतकं नाजूक वागताना पाहणं विलक्षण आहे.

२७ मे २०२५ला एक सुपर हेवी दुसऱ्यांदा उडाला. ३३ इंजिनांपैकी २९ जुनीच होती. मुद्दाम अवघड कोनातून परत आणताना तो फुटला. तसं करून पाहायला नवाकोरा बूस्टर कुणी दिला नसता.