शालेय ग्रंथपालाचे प्रशिक्षण आणि डिजिटल साधने

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ यास जोडलेली अनुसूची ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने एकवार लक्षपूर्वक वाचावयास हवी. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे ती सांगते. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक, तसेच कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही ती मागते. ग्रंथपाल मात्र तिच्यात कोठेही नाही. ग्रंथालय असावे, पण ते चालविणारा नसला तरी चालेल, ही कल्पना विधिकारांना विसंगत वाटली नाही. गेल्या काही वर्षांत शाळांसाठी निर्माण झालेल्या डिजिटल साधनांचा विचार याच रिकाम्या जागेपासून सुरू करणे युक्त होय. कारण ही जागा आता भरून निघाली, असा आभास त्या साधनांनी उत्पन्न केला आहे.

साधनांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. खरगपूरच्या आय. आय. टी.ने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर चौकटींमुळे ते खेड्यातील मुलांच्याही परिचयाचे झाले आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याने मिळतात. मराठी विश्वकोशाचे खंड घरबसल्या वाचता येतात. परंतु शिक्षकांच्या वर्गांत ही सर्व नावे ‘ई-साधने’ या एकाच मथळ्याखाली, पत्त्यांच्या यादीसारखी सांगितली जातात, तेथेच घोटाळा होतो. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे मुख्यतः संघतालिकेच्या जातीचे आहे. बहुतेक ग्रंथ अन्य संस्थांच्या संग्रहांत असतात आणि ते तिकडे वाट दाखविते. ‘दीक्षा’ पाठ्यक्रमाला बांधलेली आहे. ‘स्टोरीवीव्हर’वर कोणालाही भाषांतर करून प्रसिद्ध करता येते, म्हणून तेथे निवड हेच पहिले कर्तव्य. विश्वकोश हा संदर्भग्रंथ आहे आणि संदर्भग्रंथाला काळ असतो. तालिका, पाठ्यसाहित्य, ललित वाचन व संदर्भ हे भेद ज्याला करता येत नाहीत, त्याला चारही ठिकाणी प्रवेश कसा करावा हे शिकवून काय साधणार?

विश्वकोशाचेच उदाहरण घ्यावे. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पालघरच्या विद्यार्थ्याला ‘आपला जिल्हा’ या प्रकल्पासाठी माहिती हवी असेल, तर कोशाच्या मूळ खंडांत त्याचा जिल्हा सापडणार नाही. त्याचे गाव ठाणे जिल्ह्यात सापडेल आणि तेथील लोकसंख्या त्या काळच्या जनगणनेची असेल. यात कोशाचा दोष नाही. नवे लेखन ज्ञानमंडळांच्या द्वारा होतही आहे. परंतु जुनी नोंद कोणती, नवी कोणती, भूगोलाच्या कोणत्या भागासाठी जुनी नोंद अद्यापि उपयुक्त आहे आणि आकड्यांसाठी जनगणनेकडे का वळावे, हे त्या मुलाला सांगणारे कोणीतरी हवे. छापील खंड हाती असताना मुखपृष्ठामागील वर्ष निदान डोळ्यांसमोर येई. पडद्यावर १९७७ चे वाक्य आणि कालचे वाक्य एकाच टंकात, एकाच उजळपणाने उमटतात.

याहून सूक्ष्म, आणि मराठीपुरता अधिक महत्त्वाचा, प्रश्न लेखनाचा आहे. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले. तत्पूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘केलें’, ‘पुस्तकें’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास आढळतात. आज प्रतिमारूपाने उपलब्ध असलेल्या जुन्या मराठी ग्रंथांचा मोठा भाग, स्वामित्वहक्काच्या मुदतीमुळे, याच काळातला आहे. ज्याने तालिकेत शीर्षक जसेच्या तसे उतरविले, त्याची नोंद नव्या लेखनाने शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही; ज्याने ते सुधारून उतरविले, त्याची नोंद जाणत्या शोधकाला चकविते. त्यातच तांत्रिक अडचणींची भर पडते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निराळ्या संकेतमालिकांनी साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी, शोधयंत्राला मात्र ती वेगळी ठरू शकतात. युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेला मजकूर योग्य टंकाशिवाय निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. आणि ज्या ग्रंथाची केवळ छायाचित्रे आहेत, त्याच्या आतील शब्द शोधात येतच नाहीत. ‘मराठीत काही मिळत नाही’ हा जो निष्कर्ष शाळांतून ऐकू येतो, त्यातील किती भाग साहित्याच्या अभावाचा आणि किती शोधाच्या अज्ञानाचा, हे तपासल्यावाचून तो मान्य करता येत नाही.

लेखकनामांची गोष्टही अशीच आहे. ‘गोविंदाग्रज’, ‘बाळकराम’ आणि राम गणेश गडकरी ही एकाच व्यक्तीची तीन नावे; ‘बालकवी’ म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ‘कुसुमाग्रज’ म्हणजे वि. वा. शिरवाडकर. हाताने लिहिलेल्या पत्रतालिकेत ‘पहा’ असा निर्देश असलेले एक पत्र हे काम निमूटपणे करीत असे. शाळेच्या संगणकावर कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखी प्रणाली बसविली म्हणजे ते पत्र आपोआप तयार होत नाही. ते कोणीतरी लिहावेच लागते, आणि लिहिणाऱ्याला मराठी वाङ्मय ठाऊक असावे लागते. विद्यापीठीय वर्गांत तालिकीकरण इंग्रजी नियमग्रंथांच्या आधारे शिकविले जाते. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे, हे विद्यार्थी पाठ करतो. पण टोपणनावांनी गजबजलेल्या वाङ्मयाची नामनोंद कशी करावी, याचा सराव त्याला क्वचितच घडतो. संगणकाच्या उणिवा म्हणून ज्या सांगितल्या जातात, त्यांपैकी पुष्कळशा येथे उगम पावतात.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची स्थिती निराळी नाही. २०१९ साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या देशव्यापी कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातच शाळाप्रमुख आणि शिक्षक असे दोन घटक आहेत, ग्रंथपाल नाही. ज्या अल्पकालीन वर्गांत त्याला स्थान मिळते, तेथे यंत्र चालविणे, खाते उघडणे, नोंदी भरणे व अहवाल काढणे यांवर भर असतो. ही कौशल्ये अनावश्यक नव्हेत. परंतु ती लिपिकाची कौशल्ये आहेत, आणि पुढील प्रणाली आली की ती शिळी होतात. रंगनाथन् यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणे व वाचकाचा वेळ वाचविणे यांना जे स्थान आहे, त्याचा संबंध कोणत्याही विशिष्ट यंत्राशी नाही. इफ्लाच्या शालेय ग्रंथालयविषयक मार्गदर्शक तत्त्वांची २०१५ ची आवृत्तीही ग्रंथपालाकडून ग्रंथालयशास्त्र व अध्यापन या दोहोंतील शिक्षण अपेक्षिते. आपल्याकडे एकतर बी. लिब. झालेल्याला वर्गाची ओळख नसते, किंवा ज्या शिक्षकावर ग्रंथालय सोपविले जाते त्याला तालिकेची ओळख नसते.

मराठी प्रदेशाला या बाबतीत परंपरा नाही असे नाही. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना १९१० साली बडोद्यास आणले आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. पेट्यांतून गावोगाव फिरणारी बडोद्याची पुस्तके प्रसिद्धच आहेत. तथापि पेटी आणि वर्ग या दोन्ही गोष्टी तेथे एकाच योजनेच्या अंगभूत होत्या, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आज पेटी अफाट मोठी झाली; वर्ग मात्र तिच्या मागे राहिला.

मुले स्वतःच भ्रमणध्वनीवर हवे ते शोधतात, मध्यस्थाची गरज उरलेली नाही, असा एक आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य इतकेच, की उत्तर सापडण्याचा वेग वाढला आहे. परंतु सातवीतला मुलगा सहसा आपला खरा प्रश्न विचारीत नाही. तो ‘पक्ष्यांचे पुस्तक’ मागतो आणि त्याला शाळेमागच्या झाडावर घरटे बांधणाऱ्या एका पक्ष्याचे नाव हवे असते. दोन-तीन साध्या प्रतिप्रश्नांनी ही मागणी उलगडणे हे संदर्भसेवेचे काम आहे, आणि पुस्तक छापील असो वा डिजिटल, ते बदलत नाही. शोधयंत्र ‘पक्षी’ या शब्दाला प्रामाणिकपणे हजारो उत्तरे देते. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती ती देणे ही मदत नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रंथालय-कर्मचाऱ्यांची पुरेशी संख्या आणि त्यांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास यांचा उल्लेख आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुले व किशोर यांच्यासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. दुसरी गोष्ट पैशाने उभी राहते. पहिलीसाठी माणूस नेमावा लागतो, आणि ज्या महाराष्ट्रात ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ हे पदनाम शाळांच्या अंगवळणी पडले आहे, तेथे तिचा मार्ग लांबचा दिसतो. अर्ध्या वेळात देवघेव होते. संदर्भसेवा होत नाही.

विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांना मात्र नेमणुकांची वाट पाहण्याचे कारण नाही. शालेय ग्रंथालयाच्या प्रश्नपत्रिकेत प्रणालीच्या वैशिष्ट्यांची टीप मागण्याऐवजी मुलांनी प्रत्यक्ष विचारलेले दहा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, द्यावेत. परीक्षार्थीने कोणते प्रतिप्रश्न विचारले, कोणत्या लेखनभेदांनी शोध केला, कोणती साधने नाकारली व का नाकारली, आणि शेवटी त्या वयाच्या वाचकाच्या हाती काय ठेवले, हे लिहावे. गुण नाकारलेल्या साधनांच्या कारणमीमांसेलाही असावेत. किंबहुना अधिक गुण तेथेच असावेत.