मोडक्या पिस्टनांची फळी

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथल्या एका शेडमध्ये एक फळी. फुटलेले पिस्टन, निकामी झालेले सुटे भाग तिच्यावर मांडून ठेवलेले आणि वर लिहिलेलं : 'वेगाच्या देवाला अर्पण'. रॉजर डोनाल्डसन यांच्या 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' (२००५) या चित्रपटात ही फळी फार वेळ दिसत नाही, आणि कथानकही तिच्यामुळे पुढे सरकत नाही. तरी मला हा अख्खा चित्रपट त्या फळीवरून वाचावासा वाटतो. जुन्या मोटरसायकलपायी माणसाचं काय काय जातं आणि त्यातून त्याच्या पदरात काय पडतं, हे दोन्ही तिथे एकत्र मांडलेलं आहे.

चित्रपट ज्याच्यावर आहे तो बर्ट मन्रो खराखुरा माणूस. जन्म १८९९चा. १९२० साली त्याने इंडियन स्काउट घेतली. इंडियन ही अमेरिकेतली कंपनी, आपला संबंध नावापुरताच. ६०० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, वेग जेमतेम ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. १९२६पासून तो तिच्यात बदल करू लागला आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षं करत राहिला. दिवसा मोटरसायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या. रात्री शेडमध्ये स्वतःच्या गाडीला हात घालायचा. इंजिन वाढत वाढत ९५० सीसीपर्यंत गेलं. डोनाल्डसन यांनी खऱ्या बर्टवर १९७१ सालीच एक माहितीपट केला होता आणि त्याचं नावही त्या फळीवरचंच होतं. कथापट व्हायला त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लागला. इतका वेळ मनात घोळलेला विषय पडद्यावर येतो तेव्हा त्याची घाई संपलेली असते. शेडमधल्या प्रसंगांना दिग्दर्शकाने दिलेला निवांतपणा त्यातूनच आला असावा.

आता ती फळी. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. लेथला झेंडूचा हार, पान्यांना हळदकुंकू. पूजेला बसतात ती चालती, धारदार, कामाची हत्यारं. बर्टने देवापुढे ठेवलं आहे ते मोडलेलं. ज्या पिस्टनवर कित्येक रात्री गेल्या आणि जो काही क्षणांत फुटला, तो त्याने भंगारात घातला नाही, लपवलाही नाही. घर चालवणाऱ्याची जमाखर्चाची वही असते तशी ही त्याची फळी आहे. फरक एवढाच, की वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलं गेलं असतं ते इथे देवाला पोचलेलं आहे. नुकसान हा शब्द त्या शेडमध्ये लागूच पडत नाही. चित्रपट हे कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही, फळी दाखवतो आणि पुढे जातो. मला तो संयम फार मोलाचा वाटतो.

बर्टकडे पैसे कमी होते हे खरं, पण त्या कमतरतेचं त्याने काय केलं ते नीट पाहायला हवं. पिस्टन विकत घेण्याऐवजी तो जुने पिस्टन वितळवून नवे ओततो. पाहताना वाटतं, ही निव्वळ काटकसर. तशी ती नाही. पिस्टनचं ॲल्युमिनियम साधं नसतं, त्यात सिलिकॉन मिसळलेलं असतं, म्हणून ते तापल्यावर कमी फुगतं. जुना पिस्टन वितळवला की योग्य मिश्रधातू आयता हाती येतो. खऱ्या बर्टने सिलिंडरचे बॅरल गॅसच्या जुन्या ओतीव लोखंडी पाइपातून काढले होते. ओतीव लोखंडातल्या ग्रॅफाइटमुळे बोअरची झीज कमी होते, म्हणजे तीही निवड डोळसच. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले. मायक्रोमीटर म्हणून सायकलीच्या चाकातल्यासारखी एक जुनी आरी वापरली. पैशाच्या जागी त्याने जाणकारी घातली, आणि जाणकारी नव्हती तिथे वेळ. कुठलाही भाग मोडला की तो का मोडला हे त्याला बाहेर कुणाला विचारावं लागत नव्हतं, कारण घडवणारा तोच होता. पैसे असते तर बर्टने दुकानातून चांगले पिस्टन आणले असते आणि कदाचित लवकर वेगाचा विक्रमही केला असता. पण मग ती गाडी आतून बाहेरून त्याला पाठ झाली असती का, याची मला शंका आहे.

चित्रपटातला सगळ्यात भरलेला प्रसंग मात्र शेडमधला नाही, अमेरिकेतला आहे. युटा राज्यातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान, वेगाचे विक्रम करायची जागा. बर्ट जन्मभराची इच्छा घेऊन तिथे पोचलेला आणि तपासनीस त्याच्या गाडीभोवती फिरतायत. आजूबाजूला चकचकीत यंत्रं, मोठी पथकं, आगीपासून बचाव करणारे पोशाख. इकडे पेट्रोलच्या टाकीला ब्रँडीच्या बाटलीचं बूच. एका जागी घरातल्या दाराची बिजागरी. टायर गुळगुळीत, कारण वरची नक्षी त्याने सुरीने सोलून काढली आहे. पॅराशूट नाही. ब्रेकबद्दल विचारलं तर त्याच्या उत्तराचा रोख असा, की एवढ्या लांबून आलोय तो जायला, थांबायला नव्हे.

या प्रसंगात हशा पिकतो, पण मला तो तेवढ्यावर सोडवत नाही. प्रत्येक वस्तूकडे तपासनिसाचं बोट जातं तेव्हा आपण ती गाडी पहिल्यांदा परक्या नजरेने पाहतो. शेडमध्ये ज्या युक्त्या आपल्याला लोभस वाटल्या होत्या, त्या इथे धोकादायक दिसतात. आणि तपासनिसांचं म्हणणं बरोबर आहे! दिग्दर्शक त्यांना खलनायक करत नाही. बर्टची भूमिका करणारे अँथनी हॉपकिन्स इथे त्याला दीनवाणा होऊ देत नाहीत, आवेशातही येऊ देत नाहीत. तो फक्त प्रत्येक वस्तूचं उत्तर देतो, घरी कुणी पाहुण्याने फडताळातली वस्तू उचलून विचारावं इतक्या सहज. बूच का, तर ते बसतं म्हणून. टायर सोललेला का, तर त्या वेगाला रबराचा जाड थर भिरकावला जाऊन फाटतो म्हणून. आपल्या हाताने केलेल्या प्रत्येक गोष्टीचं 'का' सांगता येणं, यातलं समाधान हॉपकिन्स यांच्या आवाजात उतरलं आहे. पुढे मिळणाऱ्या विक्रमापेक्षा मला ही काही मिनिटं मोठी वाटतात.

बॉनव्हिलला पोचेपर्यंतचा प्रवास चित्रपटात बराच सैल आहे, आणि काही माणसं गरजेपेक्षा जास्त भली आहेत. पण त्यातही खर्चाचं सूत्र सुटत नाही. जहाजावर तो स्वयंपाक करून प्रवास भागवतो. लॉस एंजेलिसमध्ये जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून स्वस्तात गाडी घेतो, त्याच्या इतर गाड्यांची इंजिनं दुरुस्त करून देतो आणि बदल्यात त्याचं वर्कशॉप वापरून ट्रेलर बनवतो. ट्रेलरचं चाक वाळवंटात निखळतं तेव्हा झाडाचं खोड बांधून तो पुढे ओढतो. आणि त्याआधी गावाहून निघताना, समुद्रकिनाऱ्यावर ज्यांच्याशी शर्यत हरला ती तिथली पोरंच त्याच्या हातात पैसे ठेवतात.

जुनी येझदी, जावा किंवा बुलेट उभी करायला घेतलेल्या कुणालाही हे जवळचं वाटेल. आपल्याकडच्या गॅरेजात खर्चाची गोष्ट नेहमी अशीच सुरू होते : नुसत्या रिंगा बदलायच्या म्हणून गाडी लावायची. मेस्त्री ब्लॉक उचलतो तर बोअरला ओरखडे. ब्लॉक लेथवाल्याकडे रिबोअरला जातो, मग ओव्हरसाइज पिस्टनचा शोध. तोवर मेस्त्री कनेक्टिंग रॉड हलवून दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, क्रँकमध्ये पण प्ले आहे." ठरवलेली रक्कम इथेच संपते, टाकीचा रंग आणि क्रोम अजून लांबच. खरा निर्णय या वळणावर असतो. उरलेले पैसे दिसणाऱ्या भागावर घालायचे की न दिसणाऱ्या? बर्टची गाडी पाहिली की उत्तर मिळतं. त्याने इंजिनात कधी हात आखडता घेतला नाही आणि बाहेर बुचावर भागवलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाची आणि लेथची जी परंपरा आहे, तिथल्या जुन्या टर्नरला हा चित्रपट दाखवला तर तो कथा बाजूला ठेवून साचा कसा केला तेवढंच विचारील, आणि तो बरोबर जागी पाहत असेल.

चित्रपटाने काही गोष्टी हलक्या केल्या आहेत, आणि त्या मला खटकतात. खऱ्या बर्टचं लग्न झालं होतं, मुलं होती, पुढे घटस्फोट झाला. ज्या रात्री शेडमध्ये गेल्या, त्या कुणाच्या तरी वाट्यातून गेल्या. पडद्यावरचा बर्ट जवळजवळ एकटाच, मोकळा माणूस आहे, त्यामुळे त्याचा खर्च फक्त त्याचा वाटतो. आणि सगळा प्रवास एकाच फेरीत बसवला आहे. प्रत्यक्षात तो बॉनव्हिलला दहा वेळा गेला, त्यातली पहिली फेरी नुसती पाहायला. नऊ वेळा धावला आणि तीन विक्रम केले : १९६२, १९६६ आणि १९६७ साली. धावायला दर वेळी तीच गाडी, अर्ध्या पृथ्वीचा प्रवास, पुन्हा नव्याने पैशांची जुळवाजुळव. एका फेरीचा चमत्कार दाखवताना ही चिकाटी हातातून निसटली.

शेवटी पडद्यावर तो ताशी २०० मैलांच्या पुढे जातो. अधिकृत नोंदीत असा वेग नाही. १९६७ साली, ६८ वर्षांच्या बर्टने ४७ वर्षांच्या गाडीवर केलेला विक्रम ताशी १८३.५९ मैलांचा होता, आणि पात्रता फेरीत एका दिशेने तो १९० मैलांपर्यंत पोचला होता. सिनेमाला गोल आकडा हवा होता हे समजण्यासारखं आहे. पण मला खरी नोंद जास्त आवडते, कारण तिची गोष्ट संपायला आणखी ४७ वर्षं लागली. बर्ट १९७८ साली गेला. त्यानंतर त्याचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं की सरासरी काढताना गणित चुकलं होतं. २०१४ साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ते दुरुस्त केलं आणि विक्रम १८४.०८७ मैल असा लिहिला गेला. हजार सीसीच्या आतल्या वर्गातल्या त्या विक्रमात वाढ भरली अर्ध्या मैलाची, आणि ती मुलाने शोधून दिली.