धर्माचारचित्रे, यूरोपीय उत्कीर्णनांतील

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत यूरोपीय उत्कीर्णकांनी पौर्वात्य देशांतील देवता, पूजाविधी, उत्सव व तपाचरण यांची जी छापील चित्रे तयार केली, त्यांस स्थूलमानाने ही संज्ञा लावता येते. बहुतेक चित्रे प्रवासग्रंथांसाठी ताम्रपटावर कोरली गेली. प्रवाशाने पाहिलेले, त्याने ऐकलेले आणि उत्कीर्णकाच्या हाताला आधीच सवयीचे असलेले, असे सर्व एकाच पत्र्यावर उतरत असे. त्यामुळे आचारांचा पुरावा म्हणून ती वापरताना निवड करावी लागते. पत्र्यावरील चित्र कागदावर उलटे उमटते. प्रदक्षिणेची दिशा किंवा उजव्या-डाव्या हाताचा भेद यांबाबत त्यांवर सहसा विसंबू नये.

यान हुइगन व्हान लिन्सखोटेन हा डच प्रवासी १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या सेवेत होता. त्याचा इतिनेरारिओ हा ग्रंथ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे व्हान डूटेकुम घराण्यातील उत्कीर्णकांनी कोरली. सतीच्या चित्रात अग्निकुंडात उडी घेणारी विधवा आणि वाद्ये वाजविणारे लोक दिसतात. शरीरे यूरोपीय शिल्पांसारखी पिळदार असली, तरी प्रसंगाची मांडणी पाहणाऱ्याची आहे. त्याच ग्रंथातील देवमूर्ती मात्र शिंगे, सुळे व पोटावर दुसरे मुख असलेली आहे. ती कोकणातील कोणत्याही देवळातली नव्हे. लूदोव्हीको दी व्हार्थेमाच्या प्रवासवर्णनाच्या १५१५ च्या जर्मन आवृत्तीत कालिकतच्या देवाचे सैतानरूप चित्र आहे. लिन्सखोटेनची मूर्ती त्याच कुळातील आहे.

जपानविषयक चित्रांतही हाच प्रकार आढळतो. आर्नोल्डस मोंटानुसचा जपानवरील सचित्र ग्रंथ (१६६९) बराच गाजला, पण तो स्वतः जपानला कधी गेला नव्हता. उलट एंगेलबर्ट केंफर १६९० ते १६९२ या काळात तेथे राहिला व त्याने स्वतः आरेखने केली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १७२७ मध्ये, लंडन येथे ग्रंथरूपाने छापली गेली. बेर्नार पिकार याच्या चित्रांनी सजलेल्या, जगातील धर्माचारांविषयीच्या बहुखंडी ग्रंथाचे प्रकाशन १७२३ मध्ये सुरू झाले. परधर्मीयांकडे तुलनेने समतोलपणे पाहणारा हा ग्रंथ विचारांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. परंतु त्यातील पौर्वात्य चित्रे बव्हंशी उसनी आहेत. वडाखालील फकिरांचे प्रसिद्ध चित्र ताव्हेर्न्येच्या प्रवासग्रंथावरून घेतलेले आहे. पिकारची सहानुभूती अस्सल होती, माहिती नव्हे.

कार्स्टेन नीबूर याने १७६४ मध्ये घारापुरीची लेणी मोजून रेखाटली, तेव्हा मूर्तीवरील सैतानाची छाया ओसरली. या मोजमापी पद्धतीची पुढची पायरी अंबरनाथच्या शिवमंदिरात दिसते. शके ९८२ चा (इ. स. १०६०) शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन मंदिराची आरेखने व साचे १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तयार केले. हे काम उत्कीर्णनाच्या परंपरेबाहेरचे असले, तरी तिच्या चुकांवर ते चोख उत्तर होते. मात्र या अचूकतेत उणीव राहून गेली. अशा आरेखनांना स्तंभ, कोनाडे व मूर्ती हव्या असतात. भाविक त्यांत आला, तर फार तर उंचीचा अंदाज देण्यापुरता. येथील गाभारा सभामंडपाहून खोल असून पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत उल्हासनगर, बदलापूर व कल्याण परिसरातील माणसे रांगा लावून तेथे उतरतात. लिन्सखोटेनने हा प्रसंग पाहिला असता, तर देव चुकीचा काढला असता, पण रांग वगळली नसती.