दहा हजारांचं कर्ज, पण बसायचं कुठे?

छोट्या कर्जांवर संशोधन करायचं म्हणताय, तर एक पेपर तुम्हाला टाळता येणार नाही. बॅनर्जी, डफ्लो, ग्लेनर्स्टर आणि किनन यांचा 2015 चा 'द मिरॅकल ऑफ मायक्रोफायनान्स?'. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह नीट बघा. बरेच जण ते पुसून 'मायक्रोफायनान्स फेल' असं लिहून मोकळे होतात.

प्रयोग असा. हैदराबादच्या 104 वस्त्यांपैकी 52 यादृच्छिक पद्धतीने निवडल्या आणि तिथे 'स्पंदना' या संस्थेने शाखा उघडल्या. बायकांच्या गटांना कर्ज, पहिलं 10,000 रुपयांचं, हप्ता आठवड्याचा. 15 ते 18 महिन्यांनी पाहिलं तर घराचा सरासरी खर्च वाढलेला नव्हता. टिकाऊ वस्तूंची खरेदी मात्र वाढली होती. नफा वाढला तो मुख्यतः आधीच उत्तम चालणाऱ्या धंद्यांचा.

पेपरची ताकद तुलनेत आहे. 'कर्ज घेतलं आणि बाई पुढे गेली' अशा यशोगाथांना त्याने चाप लावला. पण दोन गोष्टी तपासा. एक, शाखा असलेल्या वस्त्यांत 26.7 टक्के घरांनी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं, नसलेल्यांत 18.3 टक्के. म्हणजे फरक जेमतेम 8.4 टक्क्यांचा, आणि तुलना मात्र अख्ख्या वस्त्यांची. एवढ्या पातळ फरकातून 'परिणाम दिसला नाही' म्हणणं वेगळं आणि 'परिणाम नाही' म्हणणं वेगळं. दोन, कर्ज धंद्यातच घालायची अट स्पंदनाने घातली नव्हती. मग धंदा वाढला नाही म्हणून बाईने पैसे उडवले, हा निष्कर्ष कुठून काढायचा?

आता हाच प्रश्न वसई-विरारला आणा. जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतही पथविक्रेत्यांना पहिलं कर्ज 10,000 रुपयांपर्यंतच होतं, वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के सवलत. नालासोपारा स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या बाईचा विचार करा. तिला भांडवल हवंच, पण अतिक्रमणवाल्यांनी माल उचलला तर ते भांडवल एका दुपारीत जातं आणि हप्ता तेवढा मागे राहतो. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवायचं नाही. हैदराबादच्या पेपरचा मुख्य प्रश्न कर्जाचा होता, त्यामुळे 'जागा' त्याच्या हिशेबात जवळपास नाहीच.

तुमच्यासाठी सापळा इथेच आहे. स्वनिधीचं कर्ज मिळालेले आणि न मिळालेले विक्रेते शेजारी ठेवून कमाईची तुलना कराल, आकडेही छान येतील. पण कर्जासाठी पालिकेचं प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. ते बहुधा त्यालाच सहज मिळतं, जो आधीपासून एका जागी टिकून आहे. मग तुम्ही मोजलं काय, कर्ज की जागा?

म्हणून प्रश्नावलीत रक्कम विचारण्याआधी हे विचारा: किती वर्षं इथेच बसता? वर्षभरात माल किती वेळा उचलला? सोडवायला किती गेले? आणि पाहणी फक्त गणपतीच्या आठवड्यात करू नका, जुलैच्या पावसातही जा. नाहीतर 'कर्जाचा उपयोग नाही' असं तुमचा प्रबंध म्हणेल, त्यावर कुणीतरी योजना आखडती घेईल, आणि ज्या बाईला कर्जही हवं होतं आणि जागाही, तिच्या हाती दोन्हीपैकी काहीच उरणार नाही.