अपनयनाचा गुन्हा आणि मुलाची इच्छा : नव्या संहितेची एक चिकित्सा

भारतीय दंड संहिता, १८६० ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली. या स्थित्यंतरात अपनयनविषयक तरतुदी कितपत बदलल्या, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वृत्तपत्रीय मराठीत 'अपहरण' हा एकच शब्द रूढ असला, तरी कायद्याने दोन संकल्पना भिन्न मानल्या आहेत. बळजबरीने वा फसवून एखाद्या व्यक्तीस स्थान सोडण्यास भाग पाडणे म्हणजे अपहरण. याउलट, अज्ञान मुलास पालकाच्या संमतीविना त्याच्या ताब्यातून नेणे वा फूस लावणे म्हणजे पालकत्वातून अपनयन. येथे मुलाची स्वतःची संमती गैरलागू ठरते.

जुन्या कलम ३६१ नुसार मुलासाठी १६, तर मुलीसाठी १८ वर्षांची मर्यादा होती. नव्या कलम १३७ ने ती सर्वांसाठी १८ केली. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु मूळ रचना तशीच राहिली. शिक्षाही पूर्वीप्रमाणेच सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी आहे.

अन्यत्र संहितेने हेतूनुसार शिक्षेची श्रेणी लावली आहे. भीक मागण्यासाठी बालकाचे अपनयन केल्यास किमान दहा वर्षे सश्रम कारावास, तर खंडणीसाठी केलेल्या, जीविताला धोका निर्माण करणाऱ्या अपनयनास मृत्युदंड वा आजन्म कारावास आहे. कलम १३७ मध्ये मात्र आरोपीचा हेतू आणि मुलाची इच्छा हे दोन्ही घटक अनुपस्थित आहेत.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात अंशतः भरून काढली. सज्ञानतेच्या उंबरठ्यावरील एक विद्यार्थिनी आपणहून घर सोडून आरोपीकडे गेली होती. 'नेणे' आणि 'सोबत येऊ देणे' यांत भेद करून न्यायमूर्ती मुधोळकर यांच्या निकालपत्राने १९६४ मध्ये आरोपीस निर्दोष ठरविले. सहा दशकांनंतर नवी संहिता रचतानाही विधिमंडळाने हा भेद कलमात समाविष्ट केला नाही. परिणामी, तो सिद्ध होईपर्यंत तरुणास अटक व खटल्यास सामोरे जावे लागू शकते आणि मुलीचे म्हणणे दुय्यम ठरते.

असा भेद मान्य केल्यास मानवी तस्करांना पळवाट मिळेल, हा आक्षेप गंभीर आहे. तथापि, आरोपीने पूर्वी प्रलोभन दाखविले होते काय, ही तपासणी त्याच निकालाने कायम ठेवली आहे. म्हणून १६ ते १८ वयोगटापुरते तसे स्पष्टीकरण कलम १३७ ला जोडणे आवश्यक वाटते. ज्या कायद्याचा हेतू बालकाचे रक्षण हा आहे, त्याने पालकाच्या ताब्याइतकीच बालकाच्या शब्दाचीही दखल घ्यावयास हवी.