लसणाचा रस आणि बशीतले वर्तुळ

लसणाचा रस जिवाणूंना न मारता दुबळे करतो, असे सांगून आगरच्या बशीतील स्वच्छ वर्तुळ पुराव्यादाखल पुढे केले जाते. आमचा आक्षेप या पुराव्याला आहे. स्वच्छ वर्तुळ म्हणजे तेथे जिवाणूंची वाढ झालेली नाही. ताज्या रसात हे काम मुख्यतः ॲलिसिन करते.

दुबळे करणे निराळे. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू रासायनिक संदेशांवरून आपल्या जातभाईंची गर्दी ओळखतो आणि संख्या पुरेशी झाली, की पांढऱ्या पेशींना मारणारे द्रव्य सोडतो. लसणातील अजोईन हे संयुग याच संदेशयंत्रणेत अडथळा आणते, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ साली दाखवले. जिवाणू मात्र वाढतच राहतात! म्हणून प्रयोगशाळेत अशा चाचणीसाठी जांभळा रंग तयार करणारा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम वापरतात. रंग गेला आणि वाढ तशीच राहिली, तर संदेश अडला असे म्हणता येते. (हा जिवाणू क्वचित घातक ठरतो, शाळेत वाढवू नये.)

रुग्णांचे काय? सिस्टिक फायब्रोसिसमध्ये स्यूडोमोनास फुप्फुसांत ठाण मांडतो. अशा २६ रुग्णांवरील लसणाच्या कॅप्सूलच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात चाचणी फार लहान होती.