स्थान, प्रयत्न आणि ध्वनी : गिटारच्या टॅब्लेचर-लेखनातील हार्मोनिक स्वरांचा विचार

संगीताचे लेखन दोन प्रकारे होऊ शकते. एकात कानाला काय ऐकू आले ते नोंदवले जाते; दुसऱ्यात हाताने काय करावयाचे ते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त योजलेली पद्धती पहिल्या प्रकारची होय. अक्षराखालील बिंदू मंद्र सप्तक दाखवतो, वरील बिंदू तार सप्तक. परंतु तो स्वर गळ्यातून निघाला की तारेतून, याविषयी ती पद्धती मौन पाळते. गिटारचे टॅब्लेचर दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यातील सहा रेषा म्हणजे सहा तारा आणि रेषेवरील अंक म्हणजे पडद्याचा क्रमांक. आज हे लेखन बहुधा गिटार प्रो, ट्युक्सगिटार यांसारख्या संगणकीय साधनांवर होते. पडदा दाबून वाजवायच्या स्वरांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. हार्मोनिक स्वरांच्या बाबतीत मात्र तिची खरी परीक्षा होते.

हार्मोनिक वाजवताना तार पडद्यावर दाबावयाची नसते. विशिष्ट बिंदूवर बोटाचा निसटता स्पर्श ठेवून छेडताच बोट उचलावयाचे असते. त्यामुळे तार दोन, तीन, चार अशा समान भागांत कंप पावते. गिटारची पाचवी तार मोकळी असता ११० हर्ट्झ कंपनसंख्या देते. तो मंद्र षड्ज मानल्यास सातव्या पडद्यावर तार दाबून मंद्र पंचम मिळतो, पण तेथेच नुसता स्पर्श केल्यास ३३० हर्ट्झचा मध्य पंचम निघतो. पाचव्या पडद्यावर फरक याहून मोठा आहे. दाबल्यास मंद्र मध्यम आणि स्पर्श केल्यास ४४० हर्ट्झचा तार षड्ज! स्थान तेच, अंक तोच. परंतु सप्तक बदलले आणि स्वराचे नावही बदलले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेने वर्णाचे वर्णन केवळ स्थानाने केले नाही. स्थानाबरोबर प्रयत्नही सांगितला. ‘च’ आणि ‘य’ हे दोन्ही तालव्य. पण पहिला स्पृष्ट आणि दुसरा ईषत्स्पृष्ट. हेच विवेचन गिटारच्या तारेला लागू पडते. पडद्याचा अंक हे स्थान, दाबणे हा स्पृष्ट प्रयत्न आणि निसटता स्पर्श हा ईषत्स्पृष्ट प्रयत्न होय. टॅब्लेचर मुळात स्थानाची लिपी आहे. प्रयत्नाची खूण तिला मागाहून जोडावी लागली. अंकाभोवतीचा कोनाकृती कंस किंवा हिऱ्याच्या आकाराचे स्वरशीर्ष ही ती खूण.

परंतु या खुणांनी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. पहिली अडचण स्थानाचीच आहे. तारेच्या पाचव्या भागावरील बिंदू चौथ्या पडद्यावर नेमका येत नाही. पडद्यांच्या मापाने तो सुमारे ३.८६ वर, म्हणजे किंचित अलीकडे असतो. तेथे ५५० हर्ट्झचा तार गांधार मिळतो. बारा समान भागांच्या सप्तकात हाच गांधार ५५४.४ हर्ट्झचा ठरतो. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच, पाचव्या अंशाचा. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून अशा सूक्ष्म अंतरांची चर्चा महाराष्ट्रात चालत आली आहे. त्या चर्चेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे केवळ ‘४’ हा अंक लिहिणे ढोबळ वाटल्यावाचून राहणार नाही.

दुसरी अडचण कृत्रिम हार्मोनिकची. डाव्या हाताने दुसरा पडदा दाबून उजव्या हाताने चौदाव्यावर स्पर्श करावयाचा, तर स्थाने दोन होतात. त्यांतील एकच लिहिले तर वाचकाला दुसऱ्याचा तर्क करावा लागतो. तिसरी अडचण हिऱ्याच्या खुणेची आहे. पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत ती कधी स्पर्शाचे स्थान दाखवते, तर कधी प्रत्यक्ष निघणारा स्वर. एकाच चिन्हाला दोन अर्थ असणे हा कोणत्याही लिपीचा दोषच होय.

तथापि, यावरून ध्वनिलेखनच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्यावरील हार्मोनिक, पाचव्या तारेच्या सातव्यावरील हार्मोनिक आणि मोकळी पहिली तार हे तिन्ही सुमारे ३३० हर्ट्झचेच. वादक त्यांची तुलना करून वाद्य जुळवतात. भातखंडे-पद्धतीत या तिन्हींना एकच चिन्ह मिळेल. त्यांच्या नादगुणातील भेद, आणि त्यांपैकी कोणता वादकाने निवडला ही गोष्ट, तेथे लुप्त होईल. टॅब्लेचर नेमकी तीच राखून ठेवते.

तेव्हा पूर्ण लेखनात स्थान, प्रयत्न आणि ध्वनी या तिन्हींची नोंद हवी : तार व पडदा अंकाने, स्पर्श कंसाने आणि निघणारा स्वर शेजारच्या ओळीत. संगणकीय साधनांत टॅब्लेचर आणि स्वरलिपी एकाखाली एक मांडण्याची सोय आहेच. उणीव आहे ती त्या सोयीच्या शिस्तबद्ध उपयोगाची. ज्या वादनाचे केवळ अंक उरतील, त्याच्या तारा कशा जुळवल्या होत्या हे विसरले जाताच त्याचा ध्वनी हरवेल. आणि ज्याचे केवळ स्वर उरतील, त्याचा हात हरवेल.